मिल्ड रिसीव्हरच्या एके (कलाश्निकोव्ह) रायफलला जास्त पैसे द्यावेत का?

प्रश्न: टेक्सासमध्ये एक वापरलेली सॅम-7आर (एके घाटाची रायफल, 7.62×39 गोळीची) विक्रीला आहे. बल्गेरियन आर्सेनल कंपनीची, मिल्ड रिसीव्हरची (म्हणजे रायफलचा मधला सांगाडा अख्ख्या पोलादातून कोरलेला). तशाच अवस्थेतल्या स्टँप्ड (पत्रा दाबून रिसीव्हर केलेल्या) रायफलपेक्षा किंमत बरीच चढी आहे. वापर फक्त रेंजवर, महिन्याला 100-150 राऊंड. मिल्डमुळे नेम सुधारतो का? घेण्याआधी काय तपासावं?

खरादी: नेमासाठी घेणार असाल तर घेऊ नका. नेम ठरतो नळी, गोळ्या आणि चापावर. मिल्ड हा मुळात पुढचा टप्पा नव्हताच. सुरुवातीच्या पत्र्याच्या रिसीव्हरमध्ये फार माल बाद व्हायला लागला, म्हणून सोव्हिएत कारखाने अख्ख्या पोलादातून कोरण्याकडे वळले. 1959 च्या एकेएम या सुधारित एकेने 1 मिमी पत्रा यशस्वी केला आणि वजन घटवलं. मिल्डमध्ये साधारण 300-400 ग्रॅम जास्त उचलावे लागतात. बदल्यात धक्का थोडा मऊ लागतो आणि सैल होणारे ट्रनियनचे (नळी धरणाऱ्या ठोकळ्याचे) रिवेट नसतात. तुमच्या वापराला चांगली स्टँप्ड आयुष्यभर पुरेल.

गेजवाला: रिसीव्हरपेक्षा हीच रायफल कशी आहे ते पाहा. आधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मग मागून नळीच्या रेषेत बघा: पुढची साइट किंवा गॅस ब्लॉक (नळीतला वायू पिस्टनकडे नेणारा भाग) कलला असेल तर झिरो करताना (नेम जुळवताना) साइट एका टोकाला जाऊन संपते. रिकॉइल स्प्रिंग काढून हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) गेजने मोजा, बोल्ट हलक्या हाताने ढकला. गेज म्हणजे काडतुसाच्या जागी ठेवायचे मापक: गो सर्वात आखूड, मग नो-गो, फील्ड सर्वात लांब. गो गेजवर तो बंद व्हायला हवा, नो-गोवर नको. फील्ड गेजवर बंद झाला तर एकही गोळी न झाडता परत द्या.

बोल्टच्या लगवर (बोल्ट अडकवणाऱ्या दातांवर) चकाकी चालते. कडा चेपून बाहेर आल्या असतील तर पोलाद मऊ आहे. मझल ब्रेक (तोंडावरची धक्का कमी करणारी टोपी) काढून नळीचं तोंड बघा, पिस्टन आणि गॅस ब्लॉकही. कोरोसिव्ह (गंज चढवणाऱ्या) गोळ्या झाडल्यावर उरलेलं मीठ ओल धरतं. नळीला आतून क्रोम असतो, गॅस ब्लॉकला नाही, म्हणून गंज तिथे आधी चढतो.

प्रश्नकर्ता: आधीच्या मालकाने दस्ता आणि चाप बदललाय. अडचण येईल?

गेजवाला: येऊ शकते. एकेएमचा दस्ता मिल्डला बसत नाही, त्यामुळे जोड घासून बसवलाय का ते बघा. शिवाय आयात रायफलींच्या भागांबद्दलच्या 922(आर) या अमेरिकन नियमाच्या यादीतल्या 20 भागांपैकी 10 पेक्षा जास्त आयात भाग चालत नाहीत. अमेरिकन चाप काढून बल्गेरियन टाकला असेल तर मोजणी बिघडते. मॅगझिनचे तीन भागही त्यात धरतात: बॉडी, फॉलोअर आणि तळपट्टी. विक्रेत्याकडून काढलेले मूळ भाग मागून घ्या.

खरादी: अमेरिकन नागरिक नसाल, पण ग्रीन कार्ड असेल तर फॉर्म 4473 (दुकानातून बंदूक घेतानाचा सरकारी अर्ज) भरून घेता येते. एच-1बी व्हिसावर मात्र बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. आगाऊ रक्कम हे सगळं तपासल्यानंतरच द्या.