पहिली-दुसरीच्या मुलांना आठवडाभर घरी शिकवा म्हणे!

रावपुऱ्याची आई
काल आपल्या बडोद्यातल्याच कारेलीबागकरांनी इथे लिहिलेलं वाचलं आणि रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आमच्या दोघांच्या मुलींच्या शाळेत बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र आलं, म्हणून पहिली ते पाचवीला आठवडाभर घरीच शिकायला सांगितलं. त्यावर ते म्हणतात, ही उत्तम संधी आहे. मुलांना खंडेराव मार्केटला न्या, भाजीचा हिशेब करू द्या, आजीकडून पाढे शिकू द्या, वर्गात वर्षभरात होत नाही ते आठवड्यात होईल. आणि शेवटी हे वाक्य: "ज्यांना आपल्याच मुलांचा कंटाळा येतो तेच तक्रार करतात."

मला माझ्या मुलीचा कंटाळा येत नाही. मी मकरपुऱ्याला नोकरीला जाते, सव्वाआठला घर सोडते. नवऱ्याची हालोलची कंपनीची बस त्याआधीच निघून गेलेली असते. घरी सासूबाई असतात, त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला अजून महिनाही झालेला नाही. शाळेनं ग्रुपवर अडतीस पानं टाकली. ती मी झेरॉक्सवाल्याकडून काढून आणली, कारण घरात प्रिंटर नाही. रोज एक कविता म्हणतानाचा व्हिडिओ पाठवायचा, तोही रात्री आठच्या आत. मी घरात पाऊल टाकते पावणेसातला. कुकर लावायचा, पोळ्या करायच्या आणि जांभया देणाऱ्या सात वर्षांच्या पोरीला उभं करून "हसत म्हण, परत म्हण" करायचं. सोमवारी ती रडली. मंगळवारी मी तिच्यावर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला. ते मला अजून खुपतंय.

केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको असं म्हटलंय. तिसरी ते पाचवीलासुद्धा आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. मग ही अडतीस पानं कशात बसतात? शाळेला जागा नाही हे मला समजतं. मग सरळ सुट्टी द्या. सुट्टीला शिक्षण म्हणू नका आणि माझ्या संध्याकाळीला वर्ग म्हणू नका.

कारेलीबागकर
ताई, ते शेवटचं वाक्य मी मागे घेतो. लिहायला नको होतं. बाकीचं एक अक्षरही मागे घेत नाही.

माझीही बायको नोकरी करते. मी दोन दिवस रजा टाकली, तिने दोन दिवस टाकली. ती अडतीस पानं आम्ही उघडलीच नाहीत, आणि बाईंना तसं कळवलं. मुलीला मार्केटला नेलं. भाजीवाला म्हणाला "अढीसो", मी म्हणालो "पाव किलो", पाकिटावर छापलेलं अडीचशे ग्रॅम. तिन्ही एकच आहे हे तिचं तिला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि घरी येईपर्यंत ती पाव, अर्धा, पाऊण करत होती. पुस्तकात हाच धडा तीन आठवडे चालला होता. दुसऱ्या दिवशी कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गेलो. निळ्या देवमाशाचा सांगाडा तिने पावलं टाकून मोजला. हे शिक्षण नाही तर काय आहे?

तुमचा त्रास शाळेच्या कागदांचा आहे. घरी शिकण्याचा नाही.

रावपुऱ्याची आई
तुम्ही दोघांनी मिळून चार दिवस रजा टाकली. मला वर्षाच्या रजा मोजून मिळतात, त्यातल्या चार ऑपरेशनला गेल्या. तुमच्या देवमाशाबद्दल मला आनंदच आहे, पण तो रजेवर उभा आहे.

निवृत्त शिक्षिका, वाडी
मी एकतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, त्यातली शेवटची वर्षं कोरोनाची. "घरी शिकणं" ह्या शब्दावर आमच्या पिढीच्या शिक्षकांच्या पोटात गोळा येतो, त्याचं कारण सांगते.

२०२० मध्ये आपल्याकडे गुजरातेत होम लर्निंग सुरू झालं. 'घरे शीखीए', म्हणजे 'घरी शिकू या'च्या पुस्तिका आल्या, दूरदर्शन गिरनारवर पाठ लागायचे. पुस्तिका वाईट नव्हत्या हो, चांगल्या मेहनतीने केल्या होत्या. मी त्या घरोघर पोचवल्या आहेत. पण एका खोलीत सहा माणसं, एक फोन, आणि तो फोन बापाबरोबर कामावर. जूनमध्ये पहिलीत नाव घातलेली मुलं वर्गात पहिल्यांदा बसली ती २२ नोव्हेंबर २०२१ ला, म्हणजे दुसरी अर्धी सरल्यावर. जानेवारीत वर्ग परत बंद. त्या मुलांना पेन्सिल कशी धरायची ते माहीत नव्हतं. एक मुलगा माझ्याकडे बघून बोलायचाच नाही, कारण बाई म्हणजे टीव्हीतली, तिच्याशी बोलायचं नसतं असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

एक आठवडा म्हणजे दीड वर्ष नव्हे, मान्य. पण शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे दोनशे दिवस आणि आठशे तास ठरवून दिले आहेत. दिवसाला चार तास झाले. आठवड्याचे वीस-चोवीस तास कुणी कुणाला द्यायचे ते पालकांच्या रजेवर सोडून चालत नाही.

आजोबा, दांडिया बाजार
सगळे शाळेला आणि सरकारला बोलत आहेत, घरातल्या म्हाताऱ्यांना कोणी विचारत नाही. आमच्या वाड्यात चार पिढ्यांची मुलं घरीच पाढे शिकली. पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे. संध्याकाळी शुभंकरोती झाली की पाढे, आणि मगच जेवणाचं पान. आज माझी नातवंडं 'टू वन्झा टू' करतात. मराठी पाढा म्हणालो की हसतात. शेजारची मुलं गुजरातीत बे एका बे, बे दु चार म्हणतात ते त्यांना चालतं, पण आमचं बे दुणे चार चालत नाही. सयाजीराव महाराजांच्या ह्या शहरात मराठी शाळा आमच्या डोळ्यांदेखत रिकाम्या झाल्या आणि आपण त्यावर कधी एवढं लांब लिहिलं नाही. एक आठवडा नातवंडं माझ्यापाशी बसतात तर बसू द्या की!

प्रतापनगर
आजोबा, पाढ्यांना हात जोडतो, पण ह्याच पाढ्यांनी आमच्या घरी घोळ झालाय. मुलगा इंग्रजी माध्यमात दुसरीला. घरी असताना आईने, म्हणजे त्याच्या आजीने, सदतीस लिहायला सांगितलं. त्याने ७३ लिहिलं. त्रेपन्नला ३५. आजी म्हणाली लक्ष नाही, बाईंनी नंतर लाल रेघा मारल्या. पोराचं लक्ष होतं. सदतीसमध्ये सात आधी ऐकू येतो, तो ऐकतोय तसा लिहीत होता. इंग्रजीत थर्टी आधी येतं. गुजरातीतही आपल्यासारखंच उलटं. तीन भाषांत एकच आकडा शिकवायचा तर ते शिकवायला माहितगार माणूस लागतो. माया पुरत नाही.

आजोबा, दांडिया बाजार
म्हणजे आता आकडेही बदला! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलं होतं, तसंच ना? एकवीस म्हणायला जीभ वळत नाही काय? पिढ्यान्‌पिढ्या आम्ही सदतीस ऐकून ३७ च लिहीत आलो.

प्रतापनगर
तुम्ही मराठी शाळेत मराठीच ऐकत होतात. माझा मुलगा सकाळी इंग्रजी, दुपारी दारापुढच्या ओटल्यावर गुजराती, रात्री मराठी ऐकतो. आणि 'वीस एक' करणाऱ्यांना सगळे हसले तेव्हा मीही हसलो होतो. घरात ७३ बघितल्यावर हसू थांबलं. जोडाक्षरं आणि उलटे आकडे मुलांना जड जातात हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

आजोबा, दांडिया बाजार
मुलाला मराठी शाळेत घालायला कोणी अडवलं होतं? शाळा इंग्रजी तुम्ही निवडली आणि दोष आजीच्या सदतीसला!

प्रतापनगर
शाळा होती कुठे आजोबा? घराजवळची मराठी शाळा पटाअभावी बंद झाली तेव्हा मी स्वतः अकरावीत होतो. तुमच्या मुलांना तुम्ही कुठल्या शाळेत घातलंत ते आधी सांगा.

आजोबा, दांडिया बाजार
घातलं इंग्रजीत. दोघांनाही. त्याचीच खंत चाळीस वर्षांनी लिहितो आहे. तुम्ही जखमेवर बोट ठेवलंत, ठेवा.

इंदूरची माहेरवाशीण
भांडू नका हो दोघं. माझा अनुभव तिकडचा आहे. २०२० च्या जुलैत मध्य प्रदेशात 'हमारा घर, हमारा विद्यालय' सुरू झालं तेव्हा माझी भाची तिसरीत. सकाळी दहाला घरच्यांनी ताट वाजवायचं, शाळा भरली. एकला परत ताट, शाळा सुटली. वहिनी खरंच ताट वाजवायची. महिनाभर भाची ओट्याखाली चटई टाकून वेळेवर बसायची. मग वहिनीचं काम पुन्हा सुरू झालं, ताट वाजवायला कोणी राहिलं नाही, आणि शाळा आपोआप सुटली. योजनेत खोट नव्हती. पण सगळी त्या एका ताट वाजवणाऱ्या बाईवर उभी होती.

रावपुऱ्याची आई
हेच! कालपासून मला हेच म्हणायचं आहे.

समा रोड
मी दुसरी बाजू सांगतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं. वीज गेली, शाळा बंद. अकरा मुलं दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात. एका आठवीतल्या मुलीने जिन्याच्या पायऱ्यांवर खडूने रेघा मारल्या आणि दर तासाला पाणी कुठवर आलं ते छोट्यांकडून वहीत लिहून घ्यायला लागली. कधी किती चढलं, कधी थांबलं, कधी उतरायला लागलं. माझा मुलगा तेव्हा पहिलीत होता. ती वही त्याने अजून जपून ठेवली आहे. ना बाई होत्या, ना कागद, ना व्हिडिओ. मुलांना घरी शिकता येत नाही असं मला कोणी सांगू नये.

निवृत्त शिक्षिका, वाडी
भाऊ, तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. अकरा मुलं एकत्र होती आणि एक मोठी मुलगी शिकवत होती. तो वर्गच झाला. तुमचा मुलगा फ्लॅटमध्ये एकटा असता तर ती वही झाली असती का?

समा रोड
नसती झाली. तुमचा मुद्दा पटला म्हणत नाही, पण एकट्याने ते झालं नसतं हे खरं.

कारेलीबागकर
आता सगळे मिळून घराला नालायक ठरवणार असं दिसतंय. महाराज सयाजीराव कुठल्या शाळेत गेले होते? नाशिककडच्या कवळाणे गावाहून १८७५ मध्ये बारा वर्षांचा मुलगा आला, अक्षरओळखही नव्हती, आणि राजवाड्यातच शिकून एवढा मोठा राजा झाला.

रावपुऱ्याची आई
कारेलीबागकर, हे उदाहरण तुम्ही काढायला नको होतं. त्या मुलासाठी राज्याने इलियटसाहेबांसारखा पूर्णवेळ शिक्षक नेमला होता. माझ्या मुलीसाठी कोणी नेमलाय? आणि तोच मुलगा राजा झाल्यावर त्याने काय केलं? १८९३ मध्ये अमरेलीपासून सुरुवात केली आणि १९०६ मध्ये अख्ख्या बडोदा राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलगे सात ते बारा, मुली सात ते दहा. सक्ती कुणावर? आईबापांवर. मूल घरात ठेवायचं नाही, शाळेत पाठवायचं. घरी आजी होत्याच की तेव्हाही, पाढे येणाऱ्या. तरी त्यांनी मुलींना ओसरीवरून उठवून वर्गात बसवलं, कारण ओसरीवर बसलेल्या मुलीच्या हातात पाटीआधी धाकटं भावंड येतं. माझ्या पणजीच्या हातात आलं होतं. ती सही करायला शिकली नाही.

आता मी ज्या मुलीला घरी सोडून कामावर जाते, ती आजीला डोळ्यांत थेंब घालते, दार उघडते, दूध तापवायला बघते. परवा तिने गॅस लावला. सात वर्षांची आहे. मला पाव किलो आणि पाऊण किलोचं कौतुक सांगू नका.

कारेलीबागकर
गॅसचं वाचून मी गप्प झालो. तुम्ही हे आधी लिहायला हवं होतं.

आमच्या घरी जे जमलं ते आमची ऐपत होती, शाळेची योजना नव्हती, एवढं मान्य करतो. पण शाळेने आठवडाभर मुलांना बाहेरचं जग बघायला सोडावं, बाई बरोबर असाव्यात, मार्केटला वर्गच न्यावा, ह्यावर मी ठाम आहे.

निवृत्त शिक्षिका, वाडी
ह्याला मी सही देते. पण मग त्याला घरी शिकणं म्हणायचं नाही.

आणि रावपुऱ्याच्या ताई, आठवड्याचे अजून तीन दिवस आहेत. माझ्या ओटल्यावर दहा ते बारा मुलीला सोडा. सासूबाईंनाही रिक्षाने आणा, मी दुपारी घरीच असते. व्हिडिओ पाठवायचा नाही. बाईंशी मी बोलते, ती माझीच विद्यार्थिनी आहे.

रावपुऱ्याची आई
बाई, उद्या सोडते. काय बोलू कळत नाही.

आजोबा, दांडिया बाजार
वाडी आमच्यापासून लांब नाही. माझी दोन नातवंडं चालतील का? पाढे मी घेईन. मराठीतच घेईन, हे आधीच सांगतो.

प्रतापनगर
घ्या आजोबा. फक्त सदतीस तोंडी घेतलात की लगेच पाटीवर लिहून दाखवा, तीन आधी, सात नंतर. माझ्यालाही साडेदहाला आणतो.

आजोबा, दांडिया बाजार
दाखवीन लिहून. खडू तुम्ही आणा.