‘थाइम हनी’ला ओव्याचा मध म्हणावं का?

भाच्याने अथेन्सहून मधाची बरणी आणलीय. ग्रीक लेबल तो ‘थिमारिसियो मेली’ असं वाचतो, म्हणजे थाइम या सुवासिक झुडपाच्या फुलांचा मध. थाइमला कुणी रानओवा म्हणतात, मग हा ‘ओव्याचा मध’ झाला का? रंग गडद सोनेरी, वास अगदी ओव्याच्या वळणाचा. गोडी ओसरली की घशाशी किंचित चुरचुरतं.

– नको. खऱ्या ओव्याच्या शेतात पेट्या ठेवून काढलेला मध आपल्याकडे मिळतो, ‘ओव्याचा मध’ तो. ओवा कोथिंबिरीच्या कुळातला, थाइम तुळशीच्या. तरी तुमच्या नाकाचं चुकलेलं नाही. दोन्हींत थायमॉल हे वासाचं द्रव्य असतं. अमृतधारेत घालतात ते ओवाफूल म्हणजे थायमॉलच.

– व्युत्पत्ती गमतीची आहे. थाइमच्या ‘थुमॉन’ या ग्रीक नावाचा संबंध बहुधा ‘थुएइन’शी लावतात, म्हणजे देवापुढे आहुती जाळणे, धूर करणे. आपला ‘धूम’ याच घराण्यातला. ‘मेली’ मात्र ‘मध’चा नातलग नाही. ‘मधु’चा ग्रीक भाऊ ‘मेथु’, आणि त्याचा अर्थ दारू!

– नाव ठेवायची रीत आपल्याकडे आहेच की. आयुर्वेदात माक्षिक, भ्रामर, क्षौद्र ही नावं माशीवरून. महाबळेश्वरकडे फुलोऱ्यावरून: जांभळाचा, हिरड्याचा, आणि कारवी फुलली त्या वर्षी कारवीचा. त्याच चालीवर सरळ ‘थाइमचा मध’ म्हणा. फक्त कुंडीतलं थाइम डोळ्यांपुढे आणू नका. ग्रीसमधलं हे झुडूप रानटी, काटक, जांभळट गुलाबी फुलांचं. ते जून-जुलैत फुलतं, तेव्हा उन्हाने बाकीचं रान करपलेलं असतं, म्हणून माश्या त्याच्यावरच तुटून पडतात. अथेन्सलगतच्या हिमेटस डोंगराचा मध प्राचीन काळापासून नावाजलेला. आज क्रीट आणि किथिरा बेटांचाही वाखाणतात.

– खायचा कसा ते कुणीच सांगेना! तिकडे घट्ट दह्यावर अक्रोड आणि वरून हा मध. ‘लुकुमादेस’ म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आपल्या गुलगुल्यांचे चुलतभाऊ. त्यांवरही हाच ओततात. तीळ आणि मधाची ‘पास्तेली’ तर तिळाची वडीच, फक्त गुळाऐवजी मध. खारट चीजवरही छान लागतो. चहात मात्र घालू नका, सगळा वास वाफेबरोबर जातो.

– सर्वांचे आभार. बरणीवर ‘थाइमचा मध’ अशी चिठ्ठी लावली. अक्रोड नव्हते, चक्क्यावर नुसताच घेतला. सासूबाईंनी एक चमचा चाखून विचारलं, “यात ओवा कुणी घातला?”