श्रिंक फिल्ममध्ये रिप्रो (रिसायकल) दाणा घातला की बबल फुटतो, मशीन बदलावं लागेल का?

प्रश्न : हिंगणा_फिल्मवाला

नमस्कार. हिंगणा एमआयडीसीत आमचा छोटा ब्लोन फिल्मचा प्लांट आहे, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचा फुगा (बबल) फुगवून फिल्म काढतो. पाण्याच्या बाटल्यांच्या गठ्ठ्यावर लागते ती श्रिंक फिल्म काढतो. आता गिऱ्हाईक रिसायकल माल मिसळून मागतंय, ईपीआरमुळे (प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकणारा नियम). २० टक्के रिप्रो घातला की फिल्मवर जेल (न वितळलेले ठिपके) दिसतात, तिथंच भोक पडून बबल बसतो. तापमान वाढवून पाहिलं, जेल उलट वाढले. माल गाळायची जाळी बारीक केली तर प्रेशर चढतं. आणि गठ्ठा गरम करायच्या टनेलमध्ये फिल्म पहिल्यासारखी आवळत नाही. कोणी हे काम केलंय का?

उत्तर : बुटीबोरी_शिफ्ट_बी

भाऊ, मशीनला हात लावू नका. आधी जेल कापून हातात घ्या. बारीक कात्रीनं तेवढाच ठिपका काढा, हॉट प्लेटवर १३० अंशाला ठेवा. एलडीपीई, म्हणजे तुमच्या फिल्मचं प्लास्टिक, ११० च्या आसपास वितळते, म्हणून भोवतालची फिल्म पाघळेल आणि ठिपका उघडा पडेल. आता प्लेट वाढवा. १७० ला वितळला तर पीपी (पॉलिप्रोपिलीन). तेव्हाही कडक राहिला तर पीईटी किंवा नायलॉन, म्हणजे मालात मल्टिलेयर पाऊच आलेत. वितळत नाही पण चिमट्यात रबरासारखा ताणला जातो, तर ती क्रॉसलिंक झालेली, म्हणजे जास्त तापून आतल्या आत जुळलेली, पीईच (पॉलिइथिलीन) आहे. तापमान वाढवल्यावर जेल वाढले म्हणता, त्यावरून मला हीच शंका जास्त येते. दाणा आधीच एकदोनदा शिजून आलाय, तुम्ही त्याला आणखी शिजवताय.

पीपीचं मात्र नीट ऐका. धुलाईच्या हौदात पीईटी आणि नायलॉन बुडतात, पण पीपी पीईसोबतच तरंगते. हौद कितीही मोठा बांधा, ती वेगळी होणार नाही. ती हातानंच निवडावी लागते. आमच्याकडे निवडणाऱ्या बाया तुकडा मुठीत चुरगाळतात : कडकड वाजला तर पीपी, मुका राहिला तर एलडी (एलडीपीई). इतकं अचूक काम त्या करतात आणि मजुरी किलोवर! किलोवर पैसे दिले की हात घाईचा होतो आणि ती घाई तुमच्या बबलमध्ये दिसते. माल घेता तिथं रोजावर निवड करून घ्या, दाण्याला दोन रुपये जास्त द्या. बबल फुटल्यावर जाणारा माल आणि वेळ त्याहून महाग पडतो. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय.

आवळण्याचं कारण वेगळं. तुमच्या रिप्रोत पॅलेटवर गुंडाळतात ती स्ट्रेच फिल्म आलेली असणार. ती एलएलडी (एलएलडीपीई), पीईचाच दुसरा प्रकार. एलएलडी वाढली की फिल्म चिवट होते, पण आवळणं कमी होतं. श्रिंकला एकच्या खालच्या एमएफआयची (वितळल्यावर माल किती वाहतो तो आकडा) एलडी लागते. भंगारवाल्याला सांगा, श्रिंकची कात्रण वेगळी बांधून दे. नाहीतर हाच दाणा लायनरसाठी वापरा, तिथं तो छान चालतो.

उत्तर : कळमेश्वर_एबीए

एबीए (तीन थरांचं) मशीन असेल तर रिप्रो मधल्या थरात टाका, बाहेरचे दोन थर व्हर्जिन (नव्या दाण्याचे) ठेवा. चमक टिकते, डायही कमी खराब होते. पण मधल्या थरातला मोठा जेल बबल फोडतोच, वरच्या भाऊंचं खरं आहे. पावसाळ्यात फिल्मवर डोळ्यासारखे लांबट फुगे आले तर ते जेल नाहीत, ओल आहे. दाणा सुकवा किंवा डेसिकंट मास्टरबॅच (ओल शोषणारा दाणा) घाला.

हिंगणा_फिल्मवाला

आमचं मशीन मोनोलेयरच (एकाच थराचं) आहे. एक विचारायचं राहिलं, गिऱ्हाईक ३० टक्के म्हणतंय.

बुटीबोरी_शिफ्ट_बी

३० हा २०२५-२६ चा आकडा कडक पॅकेजिंगचा (बाटल्या, डबे). फ्लेक्सिबलला (फिल्म, पिशव्या) नियमात २०२५-२६ आणि २०२६-२७ साठी १० टक्के, २०२७-२८ पासून २०. गिऱ्हाइकाला वेळापत्रक दाखवा आणि १० वरच सुरू करा. चांगल्या दाण्याचे १० टक्के तुमच्या आहे त्याच मशीनवर निघतील. दाण्याच्या प्रत्येक लॉटचा एमएफआय लिहून मागा. लिहून देत नाही, त्याचा माल उतरवून घेऊ नका.