'कोलिनी' चित्रपटातील १९६८ चा कायदा खरा आहे का? आणि कादंबरी आधी वाचावी का?

प्रश्न : वाचनकट्टा, धरमपेठ

नमस्कार. आमच्या वाचनकट्ट्याच्या पुढील बैठकीत 'डेअर फाल कोलिनी' हा २०१९ चा जर्मन चित्रपट दाखवायचा विचार आहे. मार्को क्रॉयट्सपाइंटनर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट फेर्डिनांड फॉन शिराख यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला आहे. कट्ट्यावर विधी शाखेचे विद्यार्थी आहेत, तसेच न्यायालयातून निवृत्त झालेली जाणती मंडळीही आहेत, त्यामुळे पूर्वतयारी नीट असावी असे वाटते.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बर्लिनच्या आड्लॉन हॉटेलात फाब्रित्सिओ कोलिनी हा अनेक वर्षे जर्मनीत राबलेला इटालियन कामगार हान्स मायर या वृद्ध उद्योगपतीला गोळ्या घालतो, मेलेल्या माणसाचे डोके बुटाने ठेचतो आणि खाली येऊन शांतपणे बसून राहतो. त्याचे वकीलपत्र कास्पार लाइनन या अगदी नवख्या वकिलाकडे येते. ज्यांनी आपल्याला लहानपणी घरच्यासारखी माया दिली तेच मायर मारले गेले आहेत, हे त्याला वकीलपत्र स्वीकारल्यानंतर कळते. कोलिनी खून नाकारत नाही, पण कारणही सांगत नाही.

माझा प्रश्न उत्तरार्धाविषयी आहे. मायर हे युद्धकाळात नाझी अधिकारी होते आणि कोलिनीने त्यांच्याविरुद्ध पूर्वी रीतसर तक्रारही केली होती. मात्र १९६८ च्या एका कायद्यामुळे ती निकालात निघाली, असे चित्रपटात उघड होते. असा कायदा खरोखर झाला होता, की कथेच्या सोयीसाठी रचलेला आहे? आणि सदस्यांना कादंबरी आधी वाचायला सांगावी का? उत्तर देताना शेवट सांगावा लागला तरी हरकत नाही.

उत्तर १ : एक वकील, सिव्हिल लाइन्स

ताई, कायदा शंभर टक्के खरा आहे. कोलिनी आणि मायर ही पात्रे काल्पनिक असली तरी ज्या तरतुदीवर हा खटला उभा आहे ती पश्चिम जर्मनीच्या संसदेने संमत केली होती आणि १ ऑक्टोबर १९६८ पासून ती अमलात आली. विद्यार्थ्यांना ती पायरीपायरीने समजावून सांगावी असे मला वाटते, कारण चित्रपटात हा भाग फार वेगाने निघून जातो.

युद्धानंतर जर्मन न्यायालयांनी असा पायंडा पाडला होता की सामूहिक हत्यांचे मुख्य गुन्हेगार म्हणजे हिटलर, हिमलर आणि हायड्रिख, आणि हुकूम बजावणारे बाकीचे सगळे त्यांचे मदतनीस. खुनातील मदतनिसालाही जन्मठेप होऊ शकत असल्यामुळे तोवर या पायंड्याने खटले बंद पडत नव्हते. १९६८ चा कायदा मुळात वाहतुकीच्या दंडासारख्या किरकोळ नियमभंगांची व्यवस्था लावण्यासाठी आणलेला होता, पण त्याच्या पोटात दंडसंहितेच्या ५० व्या कलमातील एक दुरुस्ती होती. ज्या हीन हेतूमुळे एखादे कृत्य खून ठरते तो हेतू मदतनिसाच्या स्वतःच्या मनात नसेल, तर त्याला कमी शिक्षा द्यावी, असे ती दुरुस्ती सांगत होती. कमी शिक्षा म्हणजे जास्तीत जास्त पंधरा वर्षे, आणि त्या शिक्षेच्या गुन्ह्यांना खटला भरण्याची मुदतही पंधराच वर्षांची होती. ती ८ मे १९४५ पासून मोजली की ८ मे १९६० रोजी संपते. म्हणजे १९६८ मध्ये कायदा बदलला आणि गुन्हे मात्र आठ वर्षांपूर्वीच मुदतबाह्य झालेले निघाले. २० मे १९६९ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने हाच अर्थ कायम केला आणि हिमलरच्या मुख्य सुरक्षा कार्यालयातील कर्मचाऱ्यांविरुद्ध बर्लिनमध्ये कित्येक वर्षे चाललेली खटल्याची तयारी कोसळली.

चित्रपटात या कायद्याला ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते एडुआर्ड ड्रेहर हेही खरे गृहस्थ होते. नाझी राजवटीत ते इन्सब्रुकच्या विशेष न्यायालयात सरकारी वकील होते आणि पुढे पश्चिम जर्मनीच्या न्याय मंत्रालयात उच्च पदावर पोहोचले. त्यांनी हे जाणूनबुजून घडवले असा संशय प्रबळ आहे, पण तो निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. बैठकीत हा फरक आवर्जून सांगावा. वकिलाच्या तोंडी 'संशय' आणि 'सिद्ध' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येता कामा नयेत.

आपल्याकडे असे होऊ शकले असते का, हा प्रश्न तुमचे विद्यार्थी नक्की विचारतील. भारतीय कायद्यात खुनाला मुदतीची अट नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ४६८ वे कलम आणि आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचे ५१४ वे कलम तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतेच आहे. शिवाय अपप्रेरणेमुळे, म्हणजे चिथावणीमुळे किंवा मदतीमुळे, गुन्हा घडला आणि त्यासाठी वेगळी तरतूद नसेल, तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा होते. त्यामुळे मदतनिसाच्या वाटेने मुदतीच्या बाहेर निसटण्याची अशी फट आपल्या रचनेत नाही.

उत्तर २ : इतिहासाची शिक्षिका, महाल

वकीलसाहेबांनी कायदा उत्तम उलगडला आहे, मी कादंबरीविषयी लिहिते. माझा आग्रह आहे की कादंबरी आधी वाचावी. अँथिया बेल यांनी केलेला इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे आणि पुस्तक इतके आटोपशीर आहे की दोन संध्याकाळी पुरतात.

शिराख स्वतः बर्लिनमध्ये फौजदारी वकिली केलेले लेखक आहेत, आणि हिटलरच्या युवक संघटनेचे प्रमुख बाल्डुर फॉन शिराख, ज्यांना न्यूरेम्बर्गमध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली, ते त्यांचे आजोबा होते. ज्या माणसाने आपल्याला माया लावली त्याच माणसाचा भूतकाळ भर न्यायालयात उलगडावा लागणे, हा लाइननचा पेच लेखकाच्या घरातूनच आलेला आहे, हे जाणून वाचले की प्रत्येक पान जड होत जाते. वाक्ये मात्र अगदी कोरडी आहेत. मायर यांच्या हुकमावरून इटलीत झालेल्या कोलिनीच्या वडिलांच्या हत्येचा तपशीलही तिथे बराचसा न्यायालयातील कथनातून, एखाद्या पंचनाम्यासारखा समोर येतो. चित्रपट तोच प्रसंग १९४४ च्या उन्हात, संगीतासह, लहानग्या कोलिनीच्या डोळ्यांसमोर घडवून दाखवतो. मला ते पटले नाही. न्यायालयात बसलेल्या लोकांना जे केवळ ऐकावे लागते ते प्रेक्षकालाही केवळ ऐकू द्यायला हवे होते, कारण या कथेतील खरी भीषणता कागदावर आहे.

दुसरा बदल लाइननच्या पार्श्वभूमीचा. चित्रपटात तो तुर्की आईचा मुलगा आहे, कादंबरीत तसे काही नाही. याबाबतीत मात्र मी चित्रपटाच्या बाजूने आहे. परक्या घरातल्या मुलाला जवळ करणारे प्रेमळ मायर आणि इटलीतील गावात बंदूक चालवणारे मायर ही एकच व्यक्ती आहे, हे मान्य करणे त्यामुळे अधिक कठीण होते. पण लुडविग्सबुर्गच्या अभिलेखागारातील शोधासाठी लाइननच्या मदतीला दुरावलेले वडील आणि इटालियन जाणणारी मुलगी आणून चित्रपटाने त्याचा एकटेपणा घालवला, हे मला खटकते. ते अभिलेखागार खरे आहे. नाझी गुन्ह्यांच्या तपासाचे मध्यवर्ती कार्यालय तिथे १९५८ पासून आहे.

उत्तर ३ : चित्रपटप्रेमी, प्रतापनगर

शिक्षिकाताईंशी मी एका मुद्द्यावर असहमत आहे. फ्रँको नेरो यांनी साकारलेला कोलिनी बराच काळ जवळजवळ बोलतच नाही. भेटीच्या खोलीत लाइनन प्रश्न विचारत राहतो आणि कोलिनी टेबलावर ठेवलेल्या स्वतःच्या जाडजूड हातांकडे बघत राहतो. त्या मौनाचे कारण प्रेक्षकाने एकदा तरी डोळ्यांनी पाहायला हवे, नाहीतर शेवटी निकालाआधीच त्याने जीवन संपवणे हा केवळ कथानकातला धक्का वाटेल. पुस्तकाला जे कोरडेपणाने साधते ते पडद्याला चेहऱ्यानेच साधावे लागते. म्हणून मी तरी चित्रपट आधी दाखवीन.

पुन्हा प्रश्नकर्ती : वाचनकट्टा, धरमपेठ

सर्वांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, आणखी दोन शंका आहेत. मायर कुटुंबाच्या वतीने नामांकित वकील माटिंगर थेट खटल्यात उभे राहतात, हे तिथे चालते का? आणि ती फट पुढे बुजवली गेली का?

उत्तर ४ : एक वकील, सिव्हिल लाइन्स

चालते. जर्मनीत मृताचे निकटचे नातेवाईक आपल्या वकिलामार्फत सरकार पक्षाच्या जोडीने खटल्यात सहभागी होऊ शकतात आणि तो वकील साक्षीदारांना प्रश्नही विचारू शकतो. आपल्याकडे पीडिताच्या वकिलाने सरकारी वकिलांना साहाय्य करावे एवढीच मुभा आहे. माटिंगर इतक्या अधिकाराने बोलतात त्याचे कारण हेच.

दुसऱ्या शंकेचे उत्तर तितके सरळ नाही. १९७९ मध्ये जर्मनीने खुनासाठी खटल्याची मुदतच रद्द केली, पण एकदा मुदतबाह्य ठरलेले गुन्हे त्यामुळे पुन्हा जिवंत झाले नाहीत. क्रूरपणे किंवा विश्वासघाताने केलेली हत्या मात्र हेतूवर नव्हे तर कृत्याच्या स्वरूपावर खून ठरत असल्याने तेवढ्यापुरता दरवाजा उघडा होता. २०११ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने सोबिबोर या नाझी मृत्युछावणीतील पहारेकरी जॉन डेम्यान्युक यांना आणि २०१५ मध्ये ल्युनेबुर्गच्या न्यायालयाने आउश्वित्समध्ये हिशेब ठेवणारे ओस्कार ग्रोनिंग यांना खुनातील मदतनीस म्हणून दोषी ठरवले, ते याच दरवाजातून.

कादंबरीचा परिणामही नोंद घेण्यासारखा आहे. ती प्रसिद्ध झाल्यानंतर, २०१२ मध्ये, जर्मन न्याय मंत्रालयाने स्वतःच्या नाझी भूतकाळाच्या तपासासाठी स्वतंत्र आयोग नेमला. त्याचा अहवाल २०१६ मध्ये आला आणि युद्धोत्तर मंत्रालयात जुन्या राजवटीतील कायदेपंडित किती मोठ्या संख्येने टिकून होते हे त्यातून समोर आले. बैठकीत चित्रपटानंतर चर्चेला वेळ उरणार असेल तर त्या दुरुस्तीचे वाक्य मराठीत लिहून सर्वांना आधी वाटा, आणि त्याचा परिणाम काय होईल हे विद्यार्थ्यांना चित्रपट पाहण्यापूर्वीच विचारा. मसुदा मी पाठवून देतो.