जुन्या जावा कोडची गुणवत्ता : मुक्तस्रोत साधनांपैकी सुरुवात कशाने करावी?

प्रश्न (इंदूर)
नमस्कार. विजयनगर भागातील आमचा लहानसा संघ एका पतसंस्थेची जावामधील जुनी प्रणाली सांभाळतो. दोन आठवड्यांचे स्प्रिंट (ठरावीक मुदतीचे कामाचे टप्पे) आम्ही नियमाने पाळतो. कामांची नोंद मात्र अजून एक्सेलमध्येच होते. नुकताच सोनारक्यूब या कोडमधील दोष शोधणाऱ्या साधनाने संपूर्ण कोड तपासला, तेव्हा हजारो त्रुटींची यादी निघाली आणि ती पाहून मंडळींचा धीरच खचला. ही यादी आधी निकालात काढावी, की एखादे हलके साधन घ्यावे? एक्सेलला पर्याय कोणता? परवान्यांवर खर्च करणे शक्य नाही.

उत्तर १
जुन्या यादीच्या मागे लागू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. चालू असलेला कोड केवळ यादी रिकामी करण्यासाठी उकरला, तर नवे दोष शिरतात. सोनारक्यूबचा मूळचा क्वालिटी गेट (कोड स्वीकारण्याच्या किमान अटी) मुळात नव्या कोडपुरताच असतो : नवी त्रुटी एकही नसावी, नव्या कोडचे चाचणी-कव्हरेज (चाचण्यांत प्रत्यक्ष चालून गेलेला कोडचा भाग) किमान ८० टक्के असावे आणि पुनरावृत्ती ३ टक्क्यांहून अधिक नसावी. ‘नवा’ म्हणजे मागील आवृत्तीनंतरचा, म्हणून दर स्प्रिंटअखेर पॉम फाइलमधील (मेव्हन या बिल्ड-साधनाच्या प्रकल्प-फाइलमधील) आवृत्तीचा आकडा वाढवायला विसरू नये. सोनारक्यूब स्वतः चाचण्या चालवत नाही. कव्हरेजचा अहवाल जाकोको या कव्हरेज मोजणाऱ्या साधनाकडून मिळवून त्याला द्यावा लागतो.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे. मात्र सोनारक्यूबच्या मोफत आवृत्तीत केवळ मुख्य शाखा (कोडची मुख्य प्रत) तपासता येते, त्यामुळे दोष कळतो तो कोड विलीन झाल्यावर. ही उणीव भरून काढण्यासाठी मेव्हन बिल्डमध्येच स्पॉटबग्ज हे जावातील दोष शोधणारे हलके साधन जोडावे आणि जेनकिन्सवर (बिल्ड आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) प्रत्येक शाखेसाठी ते चालवावे. जुन्या इशाऱ्यांना वगळण्याची सोय त्यात फिल्टर फाइलद्वारे आहे. पतसंस्थेच्या कामात त्याचे मोल विशेष आहे : व्याजाचा दर डबलमधील (जावाच्या अंदाजे दशांश-प्रकारातील) ०.१ वरून थेट बिगडेसिमल या अचूक दशांश-प्रकाराच्या कन्स्ट्रक्टरला दिला, तर प्रत्यक्षात ०.१००००००००००००००००५५५… अशी किंमत साठते, आणि नेमकी ही चूक स्पॉटबग्ज दाखवून देते. सभासदांच्या पैशांचा हिशेब करणाऱ्या प्रणालीत हा इशारा आला, की बिल्ड थांबलाच पाहिजे.

उत्तर ३
कामांच्या नोंदींसाठी एक्सेलऐवजी रेडमाइन हे मुक्तस्रोत साधन पुरेसे आहे; त्यात प्रत्येक काम ‘तिकीट’ म्हणून नोंदवले जाते. गिटचे भांडार (कोडमधील बदलांची साठवण) त्याला जोडून कमिटच्या, म्हणजे प्रत्येक बदलाच्या नोंदीच्या, संदेशात तिकिटाचा क्रमांक लिहिला, की कोणती ओळ कोणत्या कामासाठी बदलली ते तिकिटावरच दिसते. स्प्रिंटचा फलक आयता हवा असेल, तर टायगा हे दुसरे मुक्तस्रोत साधन पाहावे.