पायाच्या धमनीत आधी बलून, मग बघू: हे बरोबर चाललंय का?

पायपीट

वडील ७१ वर्षांचे. मधुमेह वीस वर्षांचा, सिगारेट सुटून सहा वर्षं झाली. उजव्या पायाच्या करंगळीशेजारच्या बोटावरची जखम दोन महिने भरत नाहीये. रात्री आडवे झाले की पाऊल ठणकायला लागतं, मग उठून पलंगाखाली पाय सोडून बसतात, तेवढ्यानेच काय तो आराम. लोंबता पाय लालबुंद दिसतो, वर उचलून धरला की मिनिटभरात पांढराफटक.

घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढलं, ते १.५ आलं. ०.९ च्या खाली आलं तर अडथळा, एवढं वाचलं होतं, म्हणून मी खूश. तपासणाऱ्या बाईंनी मान हलवली. मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साठतो, पट्टा कितीही फुगवला तरी ती दबत नाही, त्यामुळे तो आकडा खोटा. मग अंगठ्याला छोटा पट्टा लावला. दाब २८, म्हणजे फारच कमी.

डॉक्टर म्हणाले, उद्या अँजिओग्राफी करू आणि लगेच तिथेच बलून (धमनीत फुगा फुगवून अडथळा रुंद करणं) करून टाकू. संमतीचा कागद दोन्हींचा मिळून एकच. बायपासचं (शीर जोडून अडथळ्याला वळसा घालायची शस्त्रक्रिया) विचारलं तर उत्तर आलं, "पायाचा बायपास आता कोण करतं?" हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसलो.

२०२२ मध्ये बेस्ट-सीएलआय नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. पाय जाण्याचा धोका असलेले १८३० रुग्ण, १५० केंद्रं. ज्यांच्या पायातली लांब शीर सलग आणि चांगली होती अशा १४३४ जणांत बायपास केलेल्यांपैकी ४२.६ टक्के लोकांच्या वाट्याला मृत्यू, घोट्याच्या वर पाय कापणं किंवा पुन्हा मोठी शस्त्रक्रिया यांपैकी काहीतरी आलं. आधी बलून-स्टेंट केलेल्यांत ५७.४ टक्के. फरक लहान नाही.

माझं म्हणणं एवढंच की पाय धोक्यात असेल तर आधी शीर कशी आहे ते सोनोग्राफीवर बघा आणि मग ठरवा. आज बहुतेक ठिकाणी बलून फसल्यावर शिरेची आठवण होते. उलटं व्हायला हवं.

कॅथलॅबकर

असहमत. मी रोज हेच काम करतो, तेव्हा पक्षपाती म्हणा हवं तर.

बलून ही काही फॅशन म्हणून आलेली गोष्ट नाही. १६ जानेवारी १९६४ ला पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटरने ८२ वर्षांच्या बाईची मांडीतली धमनी नळ्या घालून रुंद केली. बोटं काळी पडली होती, पाय कापायला तिने नकार दिला होता. पाय वाचला. पुढे १९७४ मध्ये झुरिचला ग्रुन्ट्झिगने फुगा आणला, तोही आधी पायाच्याच धमनीत. हृदयाची पाळी १९७७ ला आली. अमेरिकेत मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी विम्याच्या रुग्णांत १९९६ ते २००६ या काळात पायाच्या धमनीतली नळीवाटे होणारी कामं तिपटीहून जास्त वाढली, बायपास ४२ टक्क्यांनी घटले आणि पाय कापण्याचं प्रमाण २९ टक्क्यांनी खाली आलं.

आता तुमची चाचणी. १८३० रुग्ण भागिले १५० केंद्रं, म्हणजे पाच वर्षांत एका केंद्रामागे बारा. बाकीचे कुठे गेले? ज्याच्यावर दोन्ही उपचार चालतील असं तिथल्या डॉक्टरांना वाटलं तोच आत घेतला. माझ्या टेबलावर येणारा माणूस डायलिसिसवर असतो, हृदयाचं पंपिंग निम्म्यावर आलेलं असतं, आणि लांब शीर आधीच हृदयाच्या बायपासला खर्ची पडलेली असते. त्याला चार तास भूल द्यायची?

आणि २०२३ ची बेसिल-२ चाचणी सोयीस्करपणे विसरलात. गुडघ्याखालच्या धमन्यांचे ३४५ रुग्ण. आधी शिरेचा बायपास केलेल्यांपैकी ६३ टक्के लोकांचा पाय गेला किंवा जीव गेला. आधी बलून केलेल्यांत ५३ टक्के. निकाल बरोबर उलटा.

आकडेमोड

दोघांनीही आपापल्या सोयीची ओळ उचलली आहे.

बेस्ट-सीएलआयमधले ४२.६ आणि ५७.४ ही तीन गोष्टींची बेरीज आहे. सुटं करून बघा. मृत्यू ३३ विरुद्ध ३७.६ टक्के, काळाचा हिशेब धरला की तो फरक जवळजवळ पुसला जातो. पाय कापणं १०.४ विरुद्ध १४.९. खरी दरी पुन्हा कराव्या लागलेल्या मोठ्या कामांत आहे, ९.२ विरुद्ध २३.५. म्हणजे बायपासने माणूस जास्त जगला असं म्हणता येत नाही; पुन्हा टेबलावर कमी वेळा गेला असं म्हणता येतं. दुखऱ्या पायाच्या माणसाला तेही थोडं नाही, पण ती वेगळी गोष्ट.

बेसिल-२ मध्ये नेमकं उलट आहे. तिथला फरक मुख्यतः मृत्यूंमुळे पडला, पाय कापण्यामुळे नाही. आणि ते मृत्यू शस्त्रक्रियेच्या महिन्याभरातच झाले असंही नाही, वर्षानुवर्षं होत राहिले. बायपासने माणूस तीन वर्षांनी का दगावेल याचं पटणारं उत्तर मला कुठे सापडलेलं नाही.

मेडिकेअरच्या आकड्यांबद्दल: त्याच दहा वर्षांत कोलेस्टेरॉलवरचं स्टॅटिन घराघरांत पोचलं, मधुमेहाची काळजी सुधारली, विड्या-सिगारेटी कमी झाल्या. पाय वाचल्याचं सगळं श्रेय फुग्याला कसं देणार?

सुईदोरा

मी शिवणाऱ्यांपैकी. पॅरिसमध्ये १९४८ ला कुनलॅंने मांडीतली शीर उलटी करून धमनीला जोडली, त्यानंतर आजवर त्या शिरेपेक्षा चांगला पाइप कुणाला बनवता आलेला नाही. कृत्रिम नळी गुडघ्याखाली फार दिवस तग धरत नाही.

कॅथलॅबकर, तुमच्या डायलिसिसवाल्या रुग्णाबद्दल वाद नाहीच. त्याला मीही सुरी लावणार नाही. पण एक गोष्ट तुम्ही लोक बोलत नाही. "आधी बलून, नाही जमलं तर बायपास आहेच" हे नेहमी खरं नसतं. पोटरीतली जी एकमेव चांगली धमनी मला जोडायला हवी असते, तिच्यातच तिसऱ्या खेपेला स्टेंट जाऊन बसलेला असतो. किंवा फुग्याने सुटलेला गाळ पावलात जाऊन अडकलेला असतो. मग माझ्याकडे जो पाय येतो त्यात टाका घालायलाच जागा नसते.

दुसरं, हात. घोट्याजवळच्या दीड-दोन मिलिमीटरच्या धमनीला शीर जोडणं पुस्तक वाचून येत नाही. जितके बायपास कमी तितकी शिकणारी मुलं कमी, आणि मग "आता कोण करतं?" हे वाक्य आपोआप खरं ठरतं. धागाकर्त्यांना मिळालेलं उत्तर मला वैद्यकीय वाटलं नाही. तिथे करणारं कुणी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रात्रपाळी

सर्जिकल वॉर्डात बारा वर्षं ड्रेसिंग करतेय. सुईदोरा सर, तुमच्या बायपासनंतरची मांडी आम्ही बघतो. जांघेतला टाका पाचव्या दिवशी उसवतो, पिवळं पाणी झिरपत राहतं, चादर दिवसातून तीनदा बदलावी लागते. जोडलेली शीर उत्तम चालू असते, नाडी हाताला लागते, आणि पेशंट दोन महिने जखमेपायी घरी जात नाही.

आणि कॅथलॅबकर सर, तुमचा पेशंट दुसऱ्या दिवशी हसत घरी जातो, हेही खरं. पण चार महिन्यांनी तोच माणूस तेच बोट घेऊन परत येतो. एका आजोबांना मी दीड वर्षात चार वेळा ॲडमिट करून घेतलंय. चौथ्या खेपेला त्यांनी मलाच विचारलं, "अजून किती फुगे शिल्लक आहेत?"

आमच्याकडे येईस्तोवर निम्म्यांचं बोट काळंठिक्कर पडलेलं असतं. त्याआधी कित्येक महिने चपलेचा पट्टा घासतोय, पाय सुन्न आहे म्हणून कळत नाही आणि मोजा काढून कुणी बघितलेलं नसतं.

चिमटा

सगळे पाय जाण्याच्या टप्प्यावर भांडताय. त्याहून कितीतरी जास्त लोकांची तक्रार एवढीच असते की दोनशे पावलं चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो. यांच्यापैकी फार थोड्यांचा पाय कधी धोक्यात येतो. तरी त्यांच्याही धमन्या नळी घालून आतून खरवडल्या जातात.

२०१२ च्या क्लेव्हर चाचणीत महाधमनीच्या टोकाशी अडथळा असलेल्या रुग्णांपैकी काहींना देखरेखीखाली चालायला लावलं, काहींना स्टेंट घातला. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर जास्त वेळ चालले ते व्यायामवाले. दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला. आठवड्यातून तीनदा, सहा महिने. पण व्यायामाचं कुणी बिल फाडत नाही. अमेरिकेत २००८ मध्ये मेडिकेअरने रुग्णालयाबाहेरच्या क्लिनिकांत होणाऱ्या या कामांचे दर वाढवले, आणि धमनी खरवडण्याचा धंदा त्या क्लिनिकांत फोफावला. धमनीने काही त्या वर्षी आपला आजार बदलला नव्हता.

कॅथलॅबकर

चिमटा, यावर तुमच्याशी पूर्ण सहमत. नुसत्या पोटरीच्या गोळ्यासाठी गुडघ्याखाली हात घालणं चूकच. पण काही लोकांच्या गैरवापरावरून सगळ्या तंत्राला झोडपू नका. धमनी परत बुजू नये म्हणून पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावलेल्या फुग्यांचं काय झालं आठवा. २०१८ च्या शेवटी एका एकत्रित विश्लेषणात मृत्यू वाढल्याचं दिसलं, २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने इशारा दिला, आम्ही कपाटं रिकामी केली. मग जास्त आकडे आले आणि जुलै २०२३ मध्ये तोच इशारा मागे घेतला गेला. मधल्या चार वर्षांत किती धमन्या परत बुजल्या त्याचा हिशेब कोण देणार?

आकडेमोड

ते फुगे निर्दोष सुटले हे बरोबर. पाय वाचवतात असं मात्र म्हणू नका. स्वीडनच्या मोठ्या चाचणीचा अंतिम निकाल २०२५ मध्ये आला, औषधाच्या फुग्याने पाय कापण्याचं प्रमाण कमी झालं नाही.

आणि फुगा की टाका या भांडणात गोळ्यांचं नाव कुणी काढलं नाही. २०२० च्या व्हॉयेजर चाचणीत रक्तप्रवाह सुरू केल्यानंतर ॲस्पिरिनच्या जोडीला रक्त पातळ करणारं रिव्हारोक्सॅबन २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं. तीन वर्षांत पाय, हृदय आणि मेंदूवरचे मोठे आघात १९.९ वरून १७.३ टक्क्यांवर आले. रक्तस्राव थोडा वाढतो, तो बघूनच द्यायचं. पण बलून असो की बायपास, स्टॅटिन आणि या गोळ्यांशिवाय घरी पाठवलेला पेशंट हा अर्धाच उपचार झालेला पेशंट.

पायपीट

अँजिओग्राफी दोन दिवस पुढे ढकलून घेतली. डॉक्टर थोडे वैतागले, पण शिरेची सोनोग्राफी लिहून दिली. काल झाली. बाबांना उभं करून मांडीच्या आतल्या बाजूने निळ्या पेनने जांघेपासून घोट्यापर्यंत रेघ ओढली, जागोजागी आकडे लिहिले. बाबा म्हणाले, एसटीचे थांबे टाकलेत.

उजवी शीर मांडीत ३.४ मिलिमीटर, गुडघ्याखाली २.१ आणि एके ठिकाणी जाड भिंतीची. डाव्या पायातली हृदयाच्या बायपासला २०१४ मध्येच गेली. म्हणजे मी ज्या चाचणीच्या जोरावर धागा काढला, तिच्या चांगल्या शिरेच्या गटात बाबा बसतच नाहीत बहुधा. दुसऱ्या गटात ३९६ रुग्ण होते आणि तिथे बायपास व बलून यांत ठाम फरक दिसला नव्हता.

सुईदोरा

मांडीतला तुकडा वापरण्याजोगा आहे. अडथळा नेमका कुठे सुरू होतो त्यावर तेवढी लांबी पुरते का ते ठरेल. म्हणजे अँजिओग्राफी लागणारच. फक्त ती झाल्यावर टेबलावरच निर्णय नको, चित्रं बघून दुसऱ्या दिवशी बसा म्हणावं.

कॅथलॅबकर

संमतीचे कागद दोन वेगळे मागा, तुमचा हक्क आहे. मी असतो तर या पायात बलूनच केला असता, हे अजूनही म्हणतो. पण एक करा, दोन्ही दंडांतल्या शिराही बघून घ्या, कधीकधी तिथली चांगली निघते. आणि वॉर्डात आजच सांगून ठेवा, सलाईन लावायचं तर मनगटाच्या मागे. कोपराजवळ सुई खुपसू देऊ नका.

रात्रपाळी

हातावर पट्टी चिकटवून त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की विसरतं.