घाणेरी कापली की दुप्पट उगवते! मदत हवी आहे

रविवारची_कुदळ
उद्यानातली घाणेरी (लँटाना, रानटी झुडूप) काढायला आम्ही 12 जण दर रविवारी 7 ते 9 जातो. फेब्रुवारीत एक अख्खा पट्टा साफ केला, आता जुलैत बघावं तर तिथेच कमरेएवढी! लोक गळायला लागलेत. परत उगवणारच नाही असा उपाय सांगा. जरा लवकर, येत्या रविवारी जायचंय.

मुरूम
'साफ केला' म्हणजे? कोयत्याने तोडली की मुळासकट काढली? गाव कुठलं, जमीन कशी? तोडलेल्या फांद्यांचं काय केलं?

सरळ_उपाय
एवढी चौकशी कशाला? कापलेल्या बुडख्यावर लगेच ब्रशने ग्लायफोसेट हे तणनाशक लावा, विषय संपला.

मुरूम
सार्वजनिक बागेत, जिथे पोरं खेळतात? शिवाय 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरता मर्यादित केला होता. हौशी मंडळींनी त्यात पडू नये.

दालदी
आमच्याकडे कोकणात हिला टणटणी म्हणतात. आणि सगळी काढू नका हो, फुलपाखरं येतात तिच्यावर.

रविवारची_कुदळ
पुणे. टेकडीचा उतार, मुरमाड जमीन. कोयत्याने जमिनीलगत तोडली, फांद्या कुंपणाकडेला रचल्या.

मुरूम
मग गोम तिथेच आहे. खोड आणि मूळ जिथे जुळतं त्या गाठीतूनच फुटवे येतात. कोयता तिच्या वरून फिरतो, म्हणजे तुम्ही छाटणी करून झुडूप दाट केलंत. आधी फांद्या छाटून हात आत जाईल एवढी जागा करा. मग बुंध्याभोवतीची माती सारून जमिनीखाली 3 ते 5 सेंमीवर कुदळीने मुख्य मूळ तोडा आणि अख्खं झुडूप उलटं करून, मुळं वर ठेवून वाळवा. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंची पद्धत ती हीच. सगळं मूळ खणायची गरज नाही, उतारावर तर खणूच नका, माती वाहून जाते. ओल्या मातीला टेकलेली फांदीही मूळ धरते, त्यामुळे कुंपणाकडचा ढीग आधी उचला.

पानोपानी
गाजर गवत असेल तर फुलावर यायच्या आधी उपटा. हातमोजे, मास्क हवेतच, अंगाला खाज सुटते. पावसाळ्यात त्याची पानं खाणारे मेक्सिकन भुंगेही सोडता येतात.

सरळ_उपाय
प्रश्न घाणेरीचा आहे हो!

काठीकाम
काठ्या फेकू नका. कर्नाटकातल्या मलै महादेश्वर डोंगरात सोलिगा आदिवासी घाणेरीच्या काठ्यांचं फर्निचर करतात.

पायवाट
@मुरूम, अर्धंच सांगितलंत. बुलबुल काळी फळं खातात आणि झाडावर बसून बिया टाकतात. त्यामुळे खरं काम झाडाखालीच. खरखरीत पानांची, चुरगळली की उग्र वास येणारी रोपं वीतभर व्हायच्या आत हाताने उपटायची, ऑक्टोबरपर्यंत दर 15 दिवसांनी. फळं धरलेल्या फांद्या गोणीत भरून बाहेर न्या. मोकळ्या जागी पवन्या, मारवेलसारखं स्थानिक गवत लावा, नाहीतर रिकामी जमीन बघून रानमोडी (असंच पसरणारं दुसरं तण) शिरेल. उताराला आडवे पट्टे पाडून एक सोडून एक काढा. राहिलेले पुढच्या वर्षी, फुलपाखरांचीही सोय होते. आणि झुडपात हात घालण्याआधी काठीने झोडपा. मुरमाड टेकडीवर फुरसं (विषारी साप) असतं.

रविवारची_कुदळ
धन्यवाद! पण कोयते 9 आणि कुदळी 2. अजून एक, मध्ये मनगटाएवढ्या सुबाभळी आहेत. त्याही त्याच दिवशी उडवू का?

मुरूम
कोयत्यांनी फांद्या छाटा, कुदळी दोनच जणांकडे द्या, आळीपाळीने. सुबाभळीला हात लावू नका, झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. घाणेरीची तरी लेखी परवानगी आहे ना?

रविवारची_कुदळ
माळीकाका 'करा' म्हणालेत.

पायवाट
😂 रविवारच्या आधी उद्यान विभागात अर्ज द्या. जागा, तारीख, माणसं किती आणि कचरा कोण उचलणार, एवढं त्यात असू द्या. सही-शिक्क्याची पोच घ्या.